चार वर्षांनंतरचे स्वातंत्र्य

२८ ऑगस्ट २०२५ रोजी अमेरिकन फुटबॉलमधील डॅलस काउबॉइज या संघाने मायका पार्सन्स हा आपला सर्वांत प्रभावी बचावपटू ग्रीन बे पॅकर्स या संघाच्या हवाली केला. पॅकर्सनी त्याच्याशी लगोलग चार वर्षांचा, १८ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. चेंडू फेकणारा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, सोडल्यास त्या खेळात तोवर कोणाही खेळाडूला एवढा मोबदला मिळालेला नव्हता. आकडा डोळे दिपवणारा आहे. आणि डोळे दिपले की आकड्यामागचा व्यवहार दिसेनासा होतो. पार्सन्सने डॅलस सोडण्याची इच्छा जाहीर केली होती, हे खरे. परंतु कोठे जावयाचे हे ठरविण्याचा हक्क त्याचा नव्हता. त्याच्या मोबदल्यात डॅलसला एक खेळाडू आणि पुढील दोन वर्षांच्या नवोदितांच्या निवडीत पहिल्या फेरीचे दोन हक्क मिळाले. देणारा संघ, घेणारा संघ आणि मध्ये माणूस, असा तो व्यवहार होता.

याच ग्रीन बे गावात १९९३ साली रेजी व्हाइट नावाचा आणखी एक बचावपटू आला होता. त्याचाही करार चार वर्षांचाच, पण १ कोटी ७० लाख डॉलरचा होता. दोन आकड्यांत अकरापटींचे अंतर आहे. तरीही महत्त्वाचा फरक आकड्यांचा नव्हे. पार्सन्सला पाठविण्यात आले. व्हाइट स्वतः निवड करून आला. आणि ही निवड करता यावी म्हणून त्याला आधी न्यायालयात जावे लागले होते.

कोट्यवधी डॉलर मिळविणाऱ्या परदेशी खेळाडूंच्या हक्कांची चिंता आपण का करावी, असा प्रश्न महिनाअखेरीची जुळवाजुळव करणाऱ्या वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, श्रमाचा भाव आणि श्रमिकाचे स्वातंत्र्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वाढला म्हणजे दुसरे आपोआप वाढते असे नाही. हे तत्त्व जितक्या स्पष्टपणे या खेळाच्या इतिहासात दिसते, तितके ते क्वचितच अन्यत्र दिसते.

अडविणाऱ्याचे मोजमाप

या खेळाशी आपला परिचय बेताचाच. म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्या ताब्यात असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. समोरच्यांनी त्यांना अडवायचे असते. प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. बचावफळीच्या टोकाला उभ्या असलेल्या खेळाडूचे काम असे की, सव्वाशे-दीडशे किलो वजनाच्या पहाऱ्याची भिंत फोडून, चेंडू हातातून सुटण्याच्या आत क्वार्टरबॅकला त्याच्याच रेषेमागे खाली पाडावयाचे. यालाच सॅक म्हणतात. दोघांनी मिळून पाडले, तर प्रत्येकाच्या नावावर अर्धा सॅक जमा होतो.

गमतीची गोष्ट अशी की, सॅकची अधिकृत नोंद १९८२ पर्यंत ठेवलीच जात नव्हती. चेंडू घेऊन धावणाऱ्याने किती यार्ड कापले याचा हिशेब त्याआधी कित्येक दशके चोख ठेवला जाई. अडविणाऱ्याचे श्रम मात्र हिशेबाबाहेर राहात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटणार नाही. ज्या श्रमाचे मोजमाप होत नाही त्याचा भाव ठरत नाही, आणि ज्याचा भाव ठरत नाही ते श्रम फुकटचे मानले जातात. घरात राबणाऱ्या गृहिणीचा राष्ट्रीय उत्पन्नात जो अनुभव, तोच मैदानावरील बचावपटूचा.

व्हाइट हा मोजणी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या पिढीतला. १९ डिसेंबर १९६१ रोजी टेनेसी राज्यातील चॅटनूगा गावी त्याचा जन्म झाला. सतराव्या वर्षी तो बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला. हाच माणूस पुढे मैदानावर प्रतिस्पर्ध्यांना भुईसपाट करू लागला, तेव्हा कौतुकाने आणि थोड्या श्लेषाने लोक त्याला 'मिनिस्टर ऑफ डिफेन्स' म्हणू लागले. मिनिस्टर म्हणजे धर्मोपदेशकही आणि मंत्रीही. उंची साडेसहा फुटांच्या आसपास आणि वजन १३० किलोंच्या पुढे असूनही त्याची पहिली झेप हलक्या धावपटूला शोभावी अशी होती. पंधरा हंगामांत २३२ सामने खेळून त्याने १९८ सॅक नोंदविले. तो निवृत्त झाला तेव्हा हा विक्रम होता. २००३ मध्ये ब्रूस स्मिथने तो मागे टाकला.

विकणारे अनेक, घेणारा एक

व्हाइटच्या उमेदवारीच्या काळात अमेरिकेत एक अपवादात्मक परिस्थिती होती. नॅशनल फुटबॉल लीग ही जुनी संस्था शरद ऋतूत सामने भरवीत असे. १९८३ मध्ये युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग नावाची नवी संस्था वसंत ऋतूत सामने भरवू लागली. मालकांच्या एका गटाऐवजी दोन गट बाजारात उतरले, आणि खेळाडूंचे भाव चढू लागले. टेनेसी विद्यापीठातून बाहेर पडलेला व्हाइट १९८४ मध्ये नव्या लीगच्या मेम्फिस शोबोट्स या संघात दाखल झाला. त्याच वर्षी जुन्या लीगने नव्या लीगमधील खेळाडूंचे हक्क आपल्या संघांत आगाऊ वाटून घेतले. व्हाइट फिलाडेल्फिया ईगल्सच्या वाट्याला आला. या वाटपात त्याला कोणी काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता. १९८५ मध्ये मेम्फिसचा हंगाम संपवून तो ईगल्सकडे गेला आणि त्याच वर्षी त्यांच्याकडून तेरा सामने खेळला. एका वर्षात दोन हंगामांचा मार त्याच्या शरीराने सोसला.

नवी लीग फार काळ टिकली नाही. तिने जुन्या लीगवर मक्तेदारीचा दावा लावला. जुलै १९८६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की मक्तेदारी सिद्ध झाली आहे. नुकसानभरपाई एक डॉलर! कायद्यानुसार भरपाई तिप्पट करावी लागते, म्हणून तीन डॉलर. मक्तेदारी आहे असे म्हणावयाचे आणि तिची शिक्षा तीन डॉलर ठरवावयाची, असा हा अजब न्याय होता. नवी लीग बंद पडली आणि बाजारात पुन्हा विकणारे अनेक आणि घेणारा एक, अशी स्थिती झाली.

ही 'घेणाऱ्याची मक्तेदारी' अनेक नियमांच्या आधारे उभी होती. नवोदित खेळाडू कोणत्या संघात जाईल हे निवडीच्या फेऱ्यांत ठरे. पुढे करार संपला तरी सुटका नसे. लीगचे आयुक्त पीट रोझेल यांच्या नावाने ओळखला जाणारा १९६३ चा नियम असा होता की, मुदत संपलेल्या खेळाडूला घेणाऱ्या संघाने आधीच्या संघाला भरपाई द्यावी आणि एकमत न झाल्यास भरपाई किती हे आयुक्तांनी ठरवावे. किंमत किती मोजावी लागेल हेच ठाऊक नसल्यावर कोण कशाला खरेदी करील? कागदावर खेळाडू मोकळा होता. व्यवहारात त्याच्या दाराशी कोणी येत नसे. जॉन मॅकी या खेळाडूच्या नावाने चाललेल्या खटल्यात १९७६ मध्ये अपील न्यायालयाने हा नियम बेकायदा ठरविला. पण १९७७ च्या समझोत्यात तोच माल नव्या वेष्टनात परत आला. जुन्या संघाला दुसऱ्याची बोली गाठून खेळाडू ठेवून घेण्याचा हक्क मिळाला आणि त्याने तो न ठेवल्यास त्याला भरपाई द्यावी लागे.

संघटना मोडून लढा

खेळाडूंनी १९८२ मध्ये ५७ दिवसांचा संप केला. १९८७ मध्ये पुन्हा केला. दुसऱ्या संपात मालकांनी बदली खेळाडू मैदानात उतरवून सामने चालू ठेवले, प्रेक्षकही आले, आणि २४ दिवसांत संप बारगळला. ईगल्सचे खेळाडू मात्र त्या दिवसांत एकजुटीने बाहेर राहिले. व्हाइटच्या त्या वर्षीच्या आकड्यांकडे याच नजरेने पाहिले पाहिजे. संपामुळे त्याला १२ च सामने खेळता आले, आणि त्या १२ सामन्यांत त्याने २१ सॅक केले. तेव्हाचा विक्रम २२ चा होता, आणि तो १६ सामन्यांतला होता. विक्रम एका सॅकने हुकला. संपात सामील होण्याची किंमत श्रमिकाला कोणत्या नाण्यात मोजावी लागते, याचे हे एक उदाहरण.

संपाने जमले नाही, तेव्हा खेळाडू पुन्हा न्यायालयाकडे वळले. येथे एक विचित्र कायदेशीर पेच होता. फुटबॉल हा धंदा मक्तेदारीविरोधी कायद्याच्या कक्षेत येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्येच सांगितले होते. परंतु कामगार संघटना आणि मालक यांच्यातील सामूहिक सौद्यातून आलेल्या अटींना त्या कायद्यातून सूट असते. १९८९ मध्ये अपील न्यायालयाने ही सूट बरीच लांबविली. जुना समझोता संपल्यानंतरही ती लागू राहते असा त्या निकालाचा रोख होता. म्हणजे कामगारांना संघटित होण्याचा हक्क देणारा कायदाच मालकांची ढाल बनला! खेळाडूंनी मग जो मार्ग काढला तो कामगार चळवळीच्या इतिहासात विरळा आहे. त्यांनी आपल्या संघटनेचे सौदा करण्याचे अधिकारच काढून घेतले. संघटना नाही, म्हणून सूटही नाही.

त्याच वर्षी मालकांनी 'प्लॅन बी' नावाची योजना आणली. प्रत्येक संघाने ३७ खेळाडू राखून ठेवावेत आणि उरलेल्यांना मोकळे सोडावे, अशी ती योजना होती. ज्यांना बाजारात मागणी होती ते बांधलेले आणि ज्यांना नव्हती ते मोकळे, असा तिचा सरळ अर्थ. तिच्याविरुद्ध फ्रीमन मॅक्नील आणि इतर सात खेळाडूंनी दावा केला. सप्टेंबर १९९२ मध्ये मिनिआपोलिसच्या ज्यूरीने या योजनेचे निर्बंध बेकायदा ठरविले. पाठोपाठ न्यायाधीश डेव्हिड डॉटी यांनी काही खेळाडूंना तात्पुरती मोकळीक दिली. व्हाइटचा सहकारी कीथ जॅक्सन ईगल्स सोडून मायामीला गेला. त्याच महिन्यात सर्व खेळाडूंच्या वतीने एक व्यापक दावा दाखल झाला. त्यात पहिले नाव होते रेजी व्हाइटचे.

हे नाव देणे म्हणजे केवळ उपचार नव्हता. व्हाइट त्या वेळी तिशीच्या उंबरठ्यावर होता. बचावपटूच्या आयुष्यात ही उतरणीची सुरुवात समजली जाते. ज्यांच्याकडून पुढला करार मिळवायचा त्या मालकांनाच त्याने प्रतिवादी केले. जानेवारी १९९३ मध्ये तडजोड झाली. ठरावीक वर्षे पूर्ण झालेला खेळाडू करार संपताच कोणत्याही संघाकडे जाऊ शकेल, हे मालकांना मान्य करावे लागले. ही मुदत प्रारंभी पाच वर्षांची होती. पुढे ती चारवर आली.

लहान गावाचा पुरावा

मालकांची भूमिका नेमकी काय होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. खेळाडू मोकळे झाले की सगळे चांगले खेळाडू न्यूयॉर्क-शिकागोसारख्या मोठ्या शहरांतील धनाढ्य संघांकडे धाव घेतील, लहान गावांचे संघ दुबळे होतील, सामन्यांतील चुरस संपेल आणि अखेर खेळच बुडेल, असे ते म्हणत. युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे. परंतु १९५६ मध्येच सायमन रॉटेनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने बेसबॉलच्या संदर्भात त्याची उलटतपासणी केली होती. बांधलेला खेळाडूही अखेर जेथे त्याचे मोल अधिक आहे तेथेच जातो, कारण त्याचा मालक त्याला तेथे विकतो. बंधनामुळे खेळाडू कोठे जाईल हे बदलत नाही. विक्रीचे पैसे कोणाच्या खिशात जातील एवढेच बदलते.

१९९३ च्या वसंतात या वादाची जणू प्रत्यक्ष परीक्षाच झाली. बाजारात आलेल्या खेळाडूंत सर्वांत मोठी मागणी व्हाइटला होती. क्लीव्हलंड, वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांनी त्याच्या पायघड्या घातल्या. एप्रिलमध्ये त्याने निवडले ग्रीन बे. विस्कॉन्सिन राज्यातील हे जेमतेम लाखभर वस्तीचे, कडाक्याच्या थंडीचे, कृष्णवर्णीयांची संख्या अत्यल्प असलेले गाव. त्याच्या संघाने १९६८ नंतर एकही अजिंक्यपद मिळविलेले नव्हते. पॅकर्सचे प्रशिक्षक माइक होमग्रेन यांनी व्हाइटच्या दूरध्वनीवर, 'मी परमेश्वर बोलतो आहे, ग्रीन बेला जा' अशा अर्थाचा विनोदी निरोप ठेवला होता, असे सांगतात. निरोप परमेश्वराचा असो वा प्रशिक्षकाचा. मोकळीक मिळालेला सर्वांत मोठा खेळाडू सर्वांत लहान गावी गेला. मालकांचे भाकीत पहिल्याच वर्षी खोटे ठरले.

मात्र एका उदाहरणावरून घाईने सिद्धान्त मांडणे बरे नव्हे. ग्रीन बेला एवढा पैसा कोठून परवडला, हा खरा प्रश्न आहे. पॅकर्स हा संघ कोणा एका धनिकाचा नाही. १९१९ मध्ये मांस डबाबंद करणाऱ्या एका कंपनीच्या मदतीने तो उभा राहिला, म्हणून त्याचे नाव पॅकर्स. १९२३ पासून तो नफा न वाटणारी, लोकांच्या भागभांडवलावर उभी असलेली संस्था आहे. आज तिचे सुमारे ५ लाख ३८ हजार भागधारक आहेत. त्यांना लाभांश मिळत नाही आणि भाग नफ्याने विकताही येत नाही. पण लोकांच्या प्रेमावर संघ उभा राहतो. खेळाडूंचे पगार निघत नाहीत. ते निघतात दूरदर्शनच्या पैशातून. १९६१ च्या एका कायद्याने लीगला सर्व संघांचे प्रक्षेपणाचे हक्क एकत्र विकण्याची मुभा मिळाली, आणि ते उत्पन्न सर्व संघांत समान वाटले जाते. न्यूयॉर्कला जेवढे, तेवढेच ग्रीन बेला. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या वर्षी पॅकर्सच्या सुमारे ७२ कोटी डॉलरच्या उत्पन्नापैकी ४३ कोटींहून अधिक या सामाईक हिश्शातून आले.

यातून निष्कर्ष निघतो तो मोलाचा आहे. लहान आणि मोठ्या संघांतला समतोल उत्पन्नाच्या वाटपाने साधला जातो. त्यासाठी माणसे बांधून ठेवावी लागत नाहीत. मालक ज्याला खेळाच्या रक्षणाचे साधन म्हणत होते, ते वास्तविक नफ्याच्या रक्षणाचे साधन होते.

२६ जानेवारी १९९७ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे पॅकर्सनी न्यू इंग्लंडचा ३५-२१ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविले. त्या सामन्यात व्हाइटने तीन सॅक केले. लहान गावाची त्याने केलेली निवड सार्थ ठरली.

मुक्तीची किंमत

कथा येथे संपवली असती तर ती गोड झाली असती. पण तडजोडीला दुसरी बाजू असते. मालकांनी खेळाडूंना मोकळीक दिली आणि बदल्यात वेतनावर मर्यादा मिळविली. १९९४ पासून प्रत्येक संघाने खेळाडूंवर एकूण किती खर्च करावा याला कमाल रक्कम ठरवून देण्यात आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख झाली. खेळाडूंच्या वाट्याला लीगच्या उत्पन्नाचा सुमारे ४८ टक्के भाग येतो. ही गोष्ट क्षुल्लक नाही. आपला वाटा इतक्या नेमकेपणाने मोजून घेणारे कामगार जगात फारसे नाहीत. शिवाय, प्रत्येक संघाला एका खेळाडूवर विशेष शिक्का मारून त्याला आणखी एक वर्ष अडकवून ठेवता येते. तेही याच तडजोडीतून आले. परंतु एकूण रक्कम बांधलेली असली की एकाचा वाढलेला पगार दुसऱ्याच्या ताटातून येतो. पार्सन्सला वर्षाला सरासरी ४ कोटी ७० लाख द्यावयाचे, तर सव्वा-दीड डझन सहकाऱ्यांना किमान वेतनावर ठेवावे लागते. मालक आणि मजूर यांच्यातील झगडा असा हळूहळू मजुरा-मजुरांतला होतो.

याहून गंभीर मुद्दा काळाचा आहे. आजच्या नियमानुसार पूर्ण मोकळीक मिळण्यास खेळाडूची लीगमधील चार वर्षे पुरी व्हावी लागतात. आणि खेळाडू-संघटनेच्याच हिशेबानुसार या धंद्यातील सरासरी आयुष्य तीन वर्षांहून थोडे अधिक आहे. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवले की सगळे चित्र उलगडते. रेजी व्हाइटने ज्या स्वातंत्र्यासाठी आपले नाव दिले, ते स्वातंत्र्य बहुसंख्य खेळाडूंच्या आयुष्यात उगवतच नाही. त्याआधीच गुडघा जातो, खांदा निखळतो, किंवा स्वस्तातला नवा पोरगा त्याची जागा घेतो. नवोदितांच्या वेतनाचे कोष्टक २०११ च्या समझोत्याने आणखी आवळले, त्यामुळे पहिली स्वस्त वर्षे मालकांच्या दृष्टीने सर्वांत फायद्याची झाली. २०२५ मध्ये नवोदिताचे किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होते. ही रक्कम लहान नाही. पण ती तीन वर्षेच मिळणार असेल आणि मोडलेले शरीर पुढची चाळीस वर्षे वागवावयाचे असेल, तर तिचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

मिळालेली मोकळीकही राखावी लागते. जानेवारी २०२५ मधील एका लवादाच्या निकालात असा निष्कर्ष निघाला की, लीगच्या व्यवस्थापनाने संघमालकांना करारातील हमीची रक्कम कमी ठेवण्यास उत्तेजन दिले होते. मात्र मालकांनी प्रत्यक्ष संगनमत केल्याचा पुरेसा पुरावा नाही. यातील चिंतेची बाब पुढेच आहे. हा निकाल कित्येक महिने लीगने प्रसिद्ध केला नाही आणि खेळाडूंच्या संघटनेनेही केला नाही. जून २०२५ मध्ये तो बाहेर फुटला.

घसारा कोणाचा?

अमेरिकेच्या करकायद्यातील एक तरतूद वाचली की माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या शिक्षकाला थबकून राहावे लागते. संघ विकत घेणाऱ्या मालकाला खरेदीची किंमत, तीत खेळाडूंचे करारही आले, पंधरा वर्षांत घसारा म्हणून उत्पन्नातून वजा करता येते. यंत्र झिजते म्हणून कारखानदाराला घसाऱ्याची सूट मिळते, हे समजण्यासारखे आहे. येथे झिजतात ती हाडे आणि कूर्चा, आणि सूट मिळते ती ज्याचे काहीच झिजत नाही त्याला. ज्याचे शरीर झिजते त्याच्या विवरणपत्रात घसाऱ्याचा रकाना नाही.

डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराचे परिणाम तर दीर्घकाळ नाकारले गेले. निवृत्त खेळाडूंनी लावलेल्या दाव्यांत २०१५ मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली, आणि तिच्यातून आतापर्यंत शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली आहे. त्या तडजोडीतही बुद्धीची हानी मोजताना कृष्णवर्णीयांची मूळ पातळीच कमी धरण्याची रीत होती. म्हणजे हानी तेवढीच असली तरी ती कमी दिसे. बोभाटा झाल्यावर २०२१ मध्ये ही रीत सोडण्याचे मान्य झाले. सॅकची मोजणी नव्हती तेव्हा बचावपटूचे श्रम हिशेबाबाहेर होते. मोजणी आली, पण मोजपट्टी कोणाच्या हाती, हा प्रश्न शिल्लक राहिला.

एवढे असूनही हंगाम लांबतच आहे. २०२१ मध्ये सामने सोळाचे सतरा झाले. अठराव्याची कल्पना आयुक्त रॉजर गुडेल यांनी २०२४ मध्ये उघडपणे बोलून दाखविली आहे. २०२३ ते २०३३ या काळातील प्रक्षेपणाचे करार ११,००० कोटी डॉलरच्या घरातले आहेत. जेवढे सामने अधिक तेवढे पुढचे करार मोठे. अठराव्या सामन्याच्या मोबदल्यात खेळाडूंनी थोडा अधिक टक्का मागावा, की मुक्तीची मुदत चारवरून तीन वर्षांवर आणण्याचा आग्रह धरावा? माझ्या मते दुसरी मागणी अधिक शहाणपणाची आहे. टक्क्याचा लाभ मुख्यतः वर असलेल्यांना होईल. मुदत घटली तर तो सामान्य खेळाडूपर्यंत पोहोचेल.

आपल्यापुरते

हा सगळा दूरदेशीचा मामला म्हणून बाजूला ठेवण्याची सोय आता उरलेली नाही. आयपीएलने २००८ पासून संघांचे प्रदेशवार वाटप, खर्चाची कमाल मर्यादा आणि खेळाडू राखून ठेवण्याचे नियम आपल्या घरात आणले आहेत. २०२५ च्या हंगामासाठीच्या मोठ्या लिलावात प्रत्येक संघाची मर्यादा १२० कोटी रुपये होती, आणि दुसऱ्याची बोली गाठून आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्कही संघांना होता. १९७७ च्या अमेरिकन समझोत्यातील हक्काशी त्याचे साम्य लपण्यासारखे नाही. लिलावात कोणाला किती कोटी मिळाले याची चर्चा घरोघरी होते. खेळाडूला कोठे जावयाचे होते, हे कोणी विचारीत नाही. क्रिकेट नियामक मंडळाने २०१९ मध्ये मान्य केलेली संघटना माजी खेळाडूंची आहे. आज खेळणाऱ्यांच्या वतीने सौदा करणारी नव्हे.

व्हाइटला देवत्व देण्याचे कारण नाही. मार्च १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधिमंडळापुढे त्याने निरनिराळ्या वंशांविषयी आणि समलिंगी व्यक्तींविषयी जी विधाने केली, त्यांनी अनेकांची मने दुखावली आणि त्याच्यावर योग्य ती टीकाही झाली. २००० चा हंगाम कॅरोलायना संघाकडून खेळून तो निवृत्त झाला. उरलेल्या आयुष्यात त्याचे लक्ष खेळापेक्षा हिब्रू भाषेच्या अभ्यासात अधिक होते. २६ डिसेंबर २००४ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, फुप्फुसांचा विकार आणि झोपेतील श्वसनाचा दोष यांनी त्याचे निधन झाले. २००६ मध्ये ओहायोतील कँटन येथील फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात त्याला मरणोत्तर स्थान मिळाले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा न्यायालयीन तडजोडीचा हुकूम २०११ पर्यंत लीगच्या व्यवहारांवर देखरेख ठेवीत होता. खेळाडू गेला तरी त्याचे नाव न्यायाधीशांच्या कागदांवर जिवंत राहिले.

ग्रीन बेच्या मैदानावर ८१ हजारांहून अधिक प्रेक्षक बसतात. त्यांना पार्सन्सचे नाव तोंडपाठ आहे. तिसऱ्या वर्षी दुखापत होऊन मुकाट्याने घरी गेलेल्या पोराचे नाव त्यांतल्या फारच थोड्यांना आठवेल. व्हाइटच्या खटल्याची खरी कसोटी तो पोरगा आहे. एखादा हक्क कायद्याने दिला आहे की नाही एवढेच पाहून भागत नाही. तो हाती येईपर्यंत माणूस त्या धंद्यात टिकतो का, हेही पाहावे लागते.